फाडलेला कोपरा

झालं ते एवढंच, की लाला द्वारकादासांनी तो कागद हातात घेतला नाही. कागद म्हणजे निमंत्रणाचा नमुना. गुडगावच्या पुढे, जिथे परवापरवापर्यंत मोहरी पिवळी होत होती तिथे, 'शीशम बाग' नावाची वसाहत उठायची होती. तिच्या भूमिपूजनाचं निमंत्रण. घरांचा अजून पाया खणला नव्हता, पण लालाजींच्या मुलाला ती जुनी दिसायला हवी होती, खानदानी, तीन पिढ्या नांदून गेलेली. असा कागद करून द्यावा तर सुनीतीनेच, हे दिल्लीतल्या चार जाहिरातवाल्यांना ठाऊक होतं. तिने तो केलाही होता झकास. कडांना चहाच्या रंगाचा, मध्ये फिका, घडीवर पांढरा पडलेला आणि खालचा उजवा कोपरा गेलेला. तिच्या स्टुडिओतल्या विनयने तो दोन्ही तळहातांवर ठेवून लालाजींपुढे धरला. ऐंशीच्या घरातल्या लालाजींनी चष्मा वर सरकवून कागद पाहिला आणि खुर्ची मागे ढकलली. "ए की कीता, पुत्तर?" हे काय केलंस, असं ते पंजाबीत म्हणाले. "कौन मर गया?" मुलगा हसला, विनय हसला, लालाजी हसले नाहीत. "शगुन के काम में फटी चिट्ठी? अरे, हमारे यहाँ कोना फाड़ के चिट्ठी तब भेजते हैं, जब घर में कोई पूरा हो जाए. पढ़ने की ज़रूरत नहीं, कोना देखा और औरतें रोने लगीं." इथे माणूस मरत नाही, पूरा होतो, हे सुनीतीला दिल्लीत आल्यावर वर्षभरातच कळलं होतं. कोपऱ्याचं मात्र कळलं नव्हतं. लालाजींनी मग तिच्याकडे वळून विचारलं, "ये अपने आप फटा है, कि किसी ने फाड़ा है?" आणि सुनीती, जिला अशा वेळी खरं बोलायला काही हरकत नव्हती, चटकन म्हणाली, "असली नहीं है, लालाजी. कंप्यूटर पे बनाया है. पूरा काग़ज़ ही मैंने बनाया है."

परतताना गाडीत विनय बोलत होता. विनय पुण्याचा, तिशीच्या आतला, मॅनेजमेंट शिकून दिल्लीत आलेला. सुनीतीला ताई म्हणायचा आणि कामं मात्र साहेबासारखी सांगायचा. "ताई, म्हाताऱ्याचं एवढं मनावर नका घेऊ यार. कोपरा लावून टाका, बस. संडेला साइट ऑफिसवर तो असतोच, तिथे दाखवून टाकू. पण एक सांगू? कोपरा भारी दिसत होता. बिल्कुल ऑथेंटिक." सुनीतीने हं म्हटलं. बाहेर हमरस्त्याच्या कडेला काचेच्या इमारती आणि त्यांच्या पायाशी पत्र्याच्या झोपड्या एकामागून एक जात होत्या. तिच्या पुण्याच्या घरी लग्नाच्या पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावत. मरणाच्या पत्रावर 'श्री' लिहीत नसत, आणि ते पत्र वाचून झालं की फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही, ही आईची सक्त ताकीद असे. म्हणजे तिकडे सगळं पत्रच फाडायचं आणि तेही ज्याला आलं त्याने. पाठवणाऱ्याने फाडून पाठवायचं, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. सतरा वर्षं ती या शहरात होती. कुणी सांगितलं नाही, किंवा सांगायचा प्रसंग आला नाही, असं ती स्वतःशी म्हणाली, पण प्रसंग आला होता. टपालाने आला होता. सहा वर्षांपूर्वी आला होता, आणि आता तिच्या ऑफिसातल्या टेबलाच्या खालच्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीत पडून होता.

करोल बागेत ती राहायला आली तेव्हा पंचविशीत होती. गच्चीवरची एक खोली, दिल्लीत तिला बरसाती म्हणतात. खाली घरमालक हरबंसलाल आणि त्यांची बायको. मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान, मुलगा कॅनडात, मूळ गाव सरहद्दीपलीकडे राहिलेलं. सगळी गल्ली त्यांना बाऊजी आणि बीजी, म्हणजे बाबा आणि आई, म्हणायची, म्हणून तीही म्हणू लागली, आणि पहिल्याच हिवाळ्यात त्या शब्दांचा अर्थ बदलून ते तिचेच झाले. बीजीचे गुडघे गेलेले. सव्वीस पायऱ्या चढून वर यायचं म्हणजे तिला डोंगर. म्हणून तिने युक्ती काढली होती: पोळ्या झाल्या की खालच्या नळाच्या पाइपावर ती पळी आपटायची. पाइप भिंतीतून थेट सुनीतीच्या मोरीपर्यंत आलेला. ठण्‌ ठण्‌ वाजलं की ब्रश पाण्यात टाकून खाली पळायचं. उशीर झाला तर पुन्हा ठण्‌ ठण्‌, आणि मग चौकातून हाक, "नीऽती! फुलका ठंडा हो रया ए!" ताटात शलगमचं लोणचं, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा, आणि समोर बसून बीजी बघत असायची. नुसती बघत. पुण्यात आई वाढायची, पण बघत बसायला तिला वेळ नसे. पुण्याहून तार आली ती त्याच घरी. 'आई गेली, लगेच ये.' भावाचं नाव. सुनीती तार घेऊन वर गेली आणि कॉटवर बसून राहिली, गाडीचं तिकीट काढायचं असतं हेही तिला सुचेना. आणि जिन्यावर आवाज आला. एक पाऊल, मग दुसरं त्याच पायरीवर, मग दम. सव्वीस पायऱ्या बीजी चढून आली. सुनीतीची पावलं मांडीवर घेऊन, तळवे चोळत, बाऊजी तिकीट काढून येईपर्यंत तशीच बसून राहिली. चार वर्षांत बीजी त्या खोलीत पहिल्यांदा आली होती, आणि पुन्हा कधी आली नाही.

बाऊजींना वाचता यायचं ते उर्दूच. त्यांच्या पिढीच्या पंजाब्यांचं तसंच होतं. शाळा तिकडे झालेली, हिंदीच्या पाट्या ते अंदाजाने वाचायचे. एका हिवाळ्यात त्यांनी सुनीतीला अक्षरं शिकवायचा घाट घातला. गच्चीवर ऊन, पाटी, खडू. ती पडली चित्रकार. अक्षरं अशी काढायची की बाऊजी पाटी उचलून गल्लीत दाखवत फिरायचे, पण वाचायला म्हणाल तर शून्य. गोलाई, नुक्ते, लांब ओढलेली शेपटी, हे सगळं हाताला यायचं आणि डोक्यात शिरायचं नाही. शेवटी दोन महिन्यांनी बाऊजींनी हात टेकले. तिला ओळखता येत होतं ते एकच, तिचं स्वतःचं नाव. नऊ वर्षांनी ती गुडगावच्या फ्लॅटमध्ये राहायला निघाली, तेव्हा टेंपोत सामान चढवताना बाऊजी म्हणाले, "चिट्ठी लिखूँगा तो उर्दू में लिखूँगा. पढ़वाने के लिए तो आएगी!" आणि बीजी दारात उभी राहून डोळे पुसत हसली. सुनीती म्हणाली, "चिट्ठी किसलिए? हर इतवार आऊँगी." ती खोटं बोलत नव्हती. पहिले चार-पाच रविवार ती गेलीही. मग ऑफिसात कॉम्प्युटर आले. तेहतिसाव्या वर्षी, ब्रश आणि डिंक बाजूला ठेवून, वीस-वीस वर्षांच्या पोरांच्या शेजारी बसून तिला पुन्हा श्रीगणेशा करावा लागला, आणि सराव करायला मशीन मोकळं मिळायचं ते रविवारी. पुढच्या रविवारी जाऊ. पुढच्या. वाक्य तेच, फक्त त्यातला रविवार सरकत राहिला.

चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात ते पोस्टकार्ड आलं. एका बाजूला कुणाकडून तरी इंग्रजीत लिहून घेतलेला पत्ता, दुसरी बाजू पूर्ण उर्दू, बाऊजींच्या हातची. वरच्या ओळीत तिचं नाव. खालचा उजवा कोपरा गेलेला. जिन्यात उभी राहून सुनीती मोठ्याने हसली होती. म्हातारा अखेर शब्दाला जागला म्हणायचा! शेजारचे निवृत्त मास्तर उर्दू वाचायचे, पण त्यांच्याकडून वाचून घेणं म्हणजे खेळात चोरी केल्यासारखं झालं असतं. मी जाईन, त्यांच्याच हातात देईन, ते खाटेवर बसून वाचतील, बीजी आतून विचारेल काय लिहिलंय, असं सगळं तिने मनात मांडलं. कोपरा टपालात गेला असेल, टपालात काय काय होतं. तिने कार्ड फ्रिजवर लावलं. पुढच्या रविवारी जाऊ. महिना गेला, मग जायची थोडी लाज वाटू लागली. सहा महिने गेले, मग लाजेला काहीतरी कारण शोधावं लागलं, आणि वर्षानंतर ती करोल बागेवरून जाणारी बस टाळू लागली. त्यांच्याकडूनही पुन्हा काही आलं नाही. रुसले असतील, तिला वाटलं. रुसलेल्या माणसाकडे केव्हाही जाता येतं, तो कुठे जातोय?

ऑफिसात आल्यावर तिने फाइल उघडली. 'पुराना कागज़' हे तिचं नाव, सगळ्या स्टुडिओत तेवढ्याच नावाने प्रसिद्ध. शहाण्णव साली एका हॉटेलच्या मेनूकार्डासाठी जुना कागद हवा होता. तिने आधी चहात कागद बुडवून पाहिले, तव्यावर भाजून पाहिले, ते सगळे नाटकातल्या राजाच्या फर्मानासारखे दिसले. खरा जुना कागद सगळीकडे सारखा जुना होत नाही, हे तिला ठाऊक होतं. जिथे हवा लागते तिथे आधी करपतो, जिथे अंगठा धरला जातो तिथे काळवंडतो, घडी पडते तिथे उलट उजळतो. आणि फ्रिजवर दोन वर्षं उन्हात, वाफेत, फोडणीच्या धुरात राहून बाऊजींचं कार्ड अगदी तसं झालं होतं. तिने ते उतरवून स्कॅन केलं, इतक्या बारकाईने की भिंतीएवढं मोठं करावं. मग पडद्यावरचं 'रबर स्टॅम्प' नावाचं अवजार घेतलं. काम सोपं असतं: कागदाच्या कोऱ्या जागेचा एक ठिपका उचलायचा आणि अक्षरावर ठेवायचा. पुन्हा उचलायचा, पुन्हा ठेवायचा. तिला चार दिवस लागले. डावीकडून, तळापासून, एकेक अक्षर तिने बुजवलं; त्यांची वळणं तिच्या ओळखीची होती, त्यामुळे कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात हे बरोबर कळायचं. स्वतःचं नाव सर्वांत शेवटी. त्यानंतर तो कागद मेनूकार्डावर गेला, साड्यांच्या दुकानाच्या पिशवीवर गेला, सरकारी पर्यटनाच्या भित्तिपत्रकावर गेला, आणि नव्या वसाहतींच्या किती माहितीपत्रकांवर गेला याला तर गणतीच नाही. आजवर ती कोपरा कापून टाकायची. या खेपेला विनय म्हणाला आणखी ऑथेंटिक हवं, म्हणून तिने ठेवला.

आता ती उलटी चालली. वरचा थर बंद केला, शीशम बागेची सोनेरी अक्षरं गेली. डागांचा थर बंद केला, काळसर कडा गेल्या. एकावर एक ठेवलेले पडदे बाजूला व्हावेत तसं होत होत शेवटी तळाचा मूळ स्कॅन पडद्यावर आला, आणि तिने बुजवलेली सगळी अक्षरं जागच्या जागी होती. तिने कोपरा मोठा केला, आणखी मोठा, इतका की तंतू दिसू लागले. हे तिचं काम होतं, कागद कसा फाटतो हे तिच्याइतकं ऑफिसात कुणाला कळत नव्हतं. घर्षणाने गेलेला कोपरा गोल होतो, मऊ होतो. ओढून फाटलेला वेडावाकडा जातो. हा आधी दुमडला होता. दुमडीवरून नख फिरवलं होतं, तिथे तंतू दबलेले होते. मग सावकाश, एका रेषेत, हाताने वेगळा केला होता. फाटलेला नव्हता, फाडलेला होता. आणि भयंकर गोष्ट ही, की हे ती आत्ता पाहत नव्हती. चार वर्षांत शंभरदा तिने हा कोपरा एवढाच मोठा करून पाहिला होता, त्याच्या सफाईचं मनात कौतुकही केलं होतं. दिसलं होतं सगळं. विचारलं मात्र काही नव्हतं.

तिला रडू आलं नाही. भीती वाटली, आणि भीतीच्या मागोमाग ती हिशेबी झाली. अक्षर बाऊजींचं आहे, म्हणजे बाऊजी नव्हेत. मग? लुधियानाला त्यांचा थोरला भाऊ होता, कायम खोकणारा. तो असेल. तोच असणार. त्या वयात माणसं जातातच. आपण एका बिचाऱ्या म्हाताऱ्याच्या मरणासाठी देवाला साकडं घालतोय, आणि तेही सहा वर्षं उशिरा, हे लक्षात येऊन तिला स्वतःची शिसारी आली. तरी ती तेच म्हणत राहिली, लुधियाना, लुधियाना. खणातून पिशवी काढून कार्ड तिने पर्समध्ये टाकलं. शेजारच्या मास्तरांकडे त्याच संध्याकाळी नेता आलं असतं. सरळ करोल बाग गाठता आली असती. ती गेली नाही. न वाचलेल्या कार्डात बीजी अजून त्या स्वयंपाकघरात पळी घेऊन उभी होती. आणखी एक दिवस उभी राहिली तर कुणाचं काय बिघडणार होतं?

शनिवारभर तिने कोपरा केला. नसलेली गोष्ट करायची म्हणजे असलेल्या गोष्टींकडून उसनी आणावी लागते. डाव्या कोपऱ्याचा रंग घेतला, वरच्या कोपऱ्याची झीज घेतली, त्यांना वळवून, उलटं करून बसवलं, सांधा बुजवला. दुपारपर्यंत कार्ड धड झालं होतं. चारही कोपरे शाबूत, जणू त्या घरात त्या आठवड्यात काहीच घडलं नव्हतं. विनय मागे येऊन उभा राहिला. "क्या बात है, ताई! कळतसुद्धा नाही काही. हे लालाजी बघतील तर..." आणि तिचा चेहरा पाहून थांबला. "बरं नाहीये का?" "जरा डोळे दुखतायत," ती म्हणाली. तिला वाटत होतं की हे असं करता आलं असतं तर. की हेच करण्यासाठी आपण हे सगळं शिकलो, ते सगळे रविवार घालवून, आणि कोपरा फक्त पडद्यावर जोडता येतो. तिने त्या रविवारांपैकी एकतरी आठवून पाहिला. कार्ड आलं त्यानंतरचा रविवार, त्या दुपारी आपण काय करत होतो? एखादं चित्र, एखादं जेवण, एखादा चेहरा? काही म्हणजे काही आठवलं नाही. कशासाठी तरी ती गेली नव्हती, आणि त्या कशाचं नावही उरलं नव्हतं.

रविवारी दुपारी विनयला दुसरीकडे काम निघालं, ती एकटीच गेली. साइट ऑफिस म्हणजे काचा लावलेली एक खोली, मध्ये टेबलावर थर्माकोलची शीशम बाग, बोटाएवढी झाडं. रविवार म्हणून घरं बघायला आलेली कुटुंबं त्या टेबलाभोवती फिरत होती आणि आपला मजला कोणता ते बोटांनी मोजत होती. लालाजी आतल्या बाजूला कोटावर शाल घेऊन उन्हात बसले होते. त्यांनी नवा कागद हातात घेतला, चारही कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला. "हाँ, अब ठीक ए. कमाल कर दित्ता, पुत्तर. कल तक फटा हुआ था, आज जैसे कभी फटा ही नहीं." आणि सही केली. काम झालं होतं. उठायला हवं होतं. सुनीतीने पर्स उघडली, कार्ड काढलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. "लालाजी, आप उर्दू पढ़ते हैं ना? ये ज़रा..."

लालाजींनी आधी कोपरा पाहिला आणि मग तिच्याकडे. त्यांनी खिशातून दुसरा चष्मा काढला. कार्ड उन्हाकडे धरून ते हळूहळू वाचू लागले, अडखळत, जुनी भाषा पुन्हा तोंडात घोळवत. "बेटी सुनीती, जीती रह. तेरी बीजी मंगल के दिन पूरी हो गई. तकलीफ़ नहीं पाई. किरया इतवार को है, चार बजे, घर पर ही. इतवार है, तेरी छुट्टी होगी." लालाजींनी कार्ड उन्हात आणखी वर धरलं. "मुझे हिंदी लिखनी आती नहीं, और ये चिट्ठी किसी और से लिखवाने को दिल नहीं माना. तू इसे पढ़ नहीं पाएगी, इसलिए कोना फाड़ रहा हूँ. देखते ही समझ जाएगी. हरबंसलाल."

पलीकडे एक लहान मुलगी थर्माकोलचं झाड उपटू पाहत होती आणि तिची आई तिला दटावत होती. सुनीतीला ते स्वच्छ ऐकू येत होतं. किरया म्हणजे तेरावा; तो रविवार तेराव्याचा होता. चार वाजता चौकात सतरंजी घातली असेल, गल्लीतल्या बायका डोक्यावर पदर घेऊन बसल्या असतील, आणि बाऊजी दाराकडे बघत असतील. ते काय म्हणाले असतील लोकांना? आएगी, मैंने चिट्ठी डाली है. मग पाच वाजले असतील, सतरंजी गुंडाळली असेल. सव्वीस पायऱ्या चढून आलेल्या बाईसाठी तिला एक बस पकडून जाता आलं नव्हतं. तिच्या छातीतून आवाज आला, तो आपला आहे हे तिला आधी कळलं नाही. भर दुपारी, अनोळखी माणसांसमोर, चाळिशी ओलांडलेली ती बाई लहान मुलासारखी रडू लागली.

लालाजींनी कार्ड तिच्या हातात दिलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अडीच वाजून गेले होते. "आज इतवार ही तो है," ते म्हणाले, आणि एकदम चिडले. "पुत्तर, माँ जैसी की किरया है और तू यहाँ मेरे को काग़ज़ दिखाने बैठी है? काम आज ही करना था?" ती मान हलवत राहिली. "लालाजी, नहीं... ये चिट्ठी पुरानी है. बहुत पुरानी." लालाजींनी तिच्या हातातल्या त्या तपकिरी, करपलेल्या, कडा झिजलेल्या कार्डाला बोट लावलं आणि हात झटकला. "ओ रैण दे! तुम लोगों के हाथ लग के तो नया काग़ज़ भी रातोंरात सौ साल का हो जाता है. परसों तूने ही नहीं बताया था?" तिने तोंड उघडलं. सहा वर्षं, एवढेच दोन शब्द होते. पण लालाजी उठून दारात पोचलेसुद्धा होते, ड्रायव्हरला हाका मारत होते. ते परत आले, तिला कोपराला धरून त्यांनी उभं केलं, म्हाताऱ्या हाताला जोर नव्हता तरी. गाडीचं दार त्यांनी स्वतः उघडलं. "शाल है ना? अंदर जाते वक़्त सिर पे ले लेना," ते खिडकीतून म्हणाले. "और रो लेना. वहाँ कोई रोकेगा नहीं."

गाडी कच्च्या रस्त्यावरून हमरस्त्याला लागली. ड्रायव्हरने आरशात बघून विचारलं, "कहाँ चलना है, मॅडम?"

"करोल बाग," सुनीती म्हणाली. आणि डोळे पुसत, "चार से पहले पहुँचना है. पहुँच जाएँगे?"

"आराम से. इतवार को सड़क ख़ाली होती है, मॅडम."

सडक खरोखरच मोकळी होती. धौला कुआँ गेलं, टेकडीवरचा रस्ता गेला, आणि चाराला वीस मिनिटं कमी असताना गाडी करोल बागेत शिरलीसुद्धा.